पहिला स्वमग्न आणि त्याचे गाव

इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात त्याला मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. आमच्या पलीकडच्या गल्लीत, कन्नडात, 'स्वलीनते' म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृतातून घडवलेले आणि दोन्ही एकाच वळणाचे. स्वतःत बुडालेला, स्वतःत विरून गेलेला. यात आपल्या पंडितांचा दोष नाही, कारण मूळ शब्दच तसा आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून तो बनवला आणि १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरला. तिथून तो मुलांना येऊन चिकटला. शब्द एकदा चिकटला की त्या शब्दाच्या चष्म्यातून माणसे दिसू लागतात. जो स्वतःतच बुडालेला आहे त्याला मित्र कशाला हवेत, असे वाटू लागते, आणि मग कोणी त्याच्या दाराशी जातही नाही.

ज्या मुलावरून ही सारी व्याख्या तयार झाली त्याला मित्र होते की नव्हते, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. का, ते पुढे सांगेनच. सुदैवाने या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे, आणि तेही चांगले भरघोस.

त्या मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. जन्म ८ सप्टेंबर १९३३, अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी. वडील बीमन ट्रिप्लेट वकील. आई मेरी हिच्या माहेरच्यांची गावातल्या बँकेत मालकी. मुलगा एक वर्षाचा होता तेव्हाच सुरात गाणी गुणगुणायचा. दोन वर्षांचा होईतो त्याला चर्चची प्रश्नोत्तरे पाठ होती. पण आई खोलीत आली तर मान वर करून बघायचा नाही. ताटल्या, झाकणे, ठोकळे, जे गोल फिरेल ते फिरवत बसायचा, आणि कोणी मध्ये हात घातला की आकांत करायचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने १९३७ साली चार वर्षेही पूर्ण न झालेल्या या पोराला घरापासून पन्नासेक मैलांवरच्या एका आरोग्यगृहात ठेवण्यात आले. आईबापांनी महिन्यातून दोनदाच भेटावे असा तिथला नियम होता. पोर तिथे अगदी मिटून गेले. वर्षभराने, तिथल्या प्रमुखांचा सल्ला बाजूला सारून, आईबापांनी त्याला उचलून घरी आणले.

त्याच वर्षी, १९३८ साली, बीमन ट्रिप्लेट यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांना टंकलिखित ३३ पानांचे पत्र पाठवले. वकिली शिस्तीने लिहिलेले, मुलाची एकेक सवय नोंदवणारे. वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या बापाच्या पत्राला इतके मोल क्वचितच आले असेल. कॅनर यांनी ऑक्टोबर १९३८ मध्ये मुलाला पाहिले, नंतर त्याच्यासारखी आणखी दहा पाहिली, आणि १९४३ साली अकरा मुलांवरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. पहिला क्रमांक 'डोनाल्ड टी.'. या मुलांची दोन मुख्य लक्षणे त्यांनी सांगितली. एक, जन्मापासूनचे टोकाचे एकटेपण. दुसरे, सगळे काही जसेच्या तसे राहावे हा आग्रह. दुसऱ्या लक्षणाबद्दल माझी काही तक्रार नाही. पहिल्याबद्दल आहे.

कॅनर यांच्या आधीही अशी मुले पाहणारे होते. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या विदुषीने १९२५ साली सहा मुलग्यांचे वर्णन छापले, आणि आज ते वाचणाऱ्या तज्ज्ञांना त्यातली मुले ओळखीची वाटतात. सुखारेवांचे नाव पाश्चात्त्यांना सत्तर वर्षे जवळजवळ ठाऊक नव्हते. व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर यांचे नाव मात्र जगभर झाले. त्यांनी १९४४ साली चार मुलांवर लिहिले. नाझी राजवटीत त्यांनी काही मुलांना श्पीगेलग्रुंडच्या रुग्णालयाकडे धाडले होते, हे हेर्विग चेख या इतिहाससंशोधकाने २०१८ साली कागदपत्रांनिशी दाखवले. त्या ठिकाणी सातशेहून अधिक मुलांचा जीव घेतला गेला. कोण संगतीत घेण्याजोगा आणि कोण नाही, हे ठरवण्याचा अधिकार सरकारी दप्तराकडे गेला म्हणजे काय होते, त्याचे हे उदाहरण. त्यावर अधिक लिहिणे माझ्याच्याने होणार नाही.

त्याहून जुना आणि सुखाचा दाखला लंडनचा आहे. हेन्री कॅव्हेंडिश (१७३१ ते १८१०) हा शास्त्रज्ञ आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतो. हायड्रोजनचा अभ्यास करणारा, आणि १७९८ साली बंद खोलीत शिशाचे गोळे टांगून पृथ्वीची घनता काढणारा. मेलेल्या माणसाचे निदान करण्याचा जो छंद अलीकडे बोकाळला आहे तो मला फारसा मानवत नाही. न्यूटनपासून मोझार्टपर्यंत कोणाला सोडलेले नाही. पण कॅव्हेंडिशच्या बाबतीत समकालीनांच्या साक्षीच इतक्या आहेत की, ऑलिव्हर सॅक्स यांच्यासारख्या मेंदूतज्ज्ञाने २००१ साली त्याच्याबद्दल तसे मत मांडले तेव्हा फारसे कोणी चकित झाले नाही. हा गृहस्थ घरच्या मोलकरणींशी बोलत नसे. जेवायला काय हवे त्याची चिठ्ठी दिवाणखान्याबाहेरच्या मेजावर ठेवी. बायकांची गाठ पडू नये म्हणून त्याने मागच्या बाजूला वेगळा जिना काढून घेतला. अनोळखी माणसाने तोंडावर स्तुती केली तर पळ काढी.

आणि हाच माणूस रॉयल सोसायटीच्या मंडळींच्या दर गुरुवारच्या जेवणाला वर्षानुवर्षे नेमाने जाई. एकटेपणाची एवढी आवड असती तर कशाला गेला असता? त्याच्याशी बोलायचे कसे, याची एक युक्ती तिथल्या मंडळींनी शोधून काढली होती. वोलास्टन हा रसायनज्ञ ती नवख्यांना सांगे. कॅव्हेंडिशकडे बघायचे नाही. जवळ जाऊन उभे राहायचे आणि समोरच्या रिकाम्या जागेला उद्देशून बोलल्यासारखे बोलायचे. विषय त्याच्या आवडीचा निघाला तर तो बोलू लागतो. मला हा तपशील पृथ्वीच्या घनतेइतकाच महत्त्वाचा वाटतो. अठराव्या शतकातले हे विद्वान कोणताही मानसशास्त्राचा ग्रंथ न वाचता एका माणसासाठी आपली बोलण्याची रीत बदलत होते.

आता पुन्हा डोनाल्डकडे येऊ. १९४२ साली, तो नऊ वर्षांचा असताना, त्याला गावापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवण्यात आले. ही माणसे साधी, स्वतःच्या मालकीची जमीन नसलेली. कॅनर १९४५ च्या मे महिन्यात मुद्दाम ते शेत पाहायला गेले आणि जे पाहिले त्याने थक्क झाले. पोराला मोजमापाचे वेड होते, म्हणून त्या नवराबायकोने त्याला विहीर खणायला लावून किती खोल गेली ते सांगायला सांगितले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करत असे, तर त्याला एक कोपरा स्मशान म्हणून नेमून दिला. तिथे त्याने प्रत्येकाच्या नावाची पाटी लावली. पहिले नाव स्वतः ठेवलेले, मधले त्या जीवाच्या जातीचे, आणि आडनाव त्या शेतकऱ्याचे. जन्मतारीख अज्ञात, मृत्यूची तारीख सापडला तो दिवस. म्हणजे मेलेल्या गोगलगायीलासुद्धा त्याने घरातले आडनाव लावले! याला कोणी स्वतःत बुडालेला म्हणत असेल तर म्हणो. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी सांगितले, नांगर धर आणि नांगरता नांगरता मोज. कॅनर यांच्यादेखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या, घोडा व्यवस्थित हाकला. जवळच्या खेड्यातल्या शाळेत तो जाऊ लागला, आणि तिथे त्याचे विक्षिप्तपण लोकांनी चालवून घेतले.

पुढे तो फॉरेस्टच्या हायस्कुलात आला. इथली हकीकत या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे असे मी समजतो. गावात एक आख्यायिका होती की, डोनाल्डने शाळेच्या इमारतीकडे एकदा नजर टाकली आणि तिच्या दर्शनी भिंतीत विटा किती ते सांगितले. विलक्षण बुद्धीचा पुरावा म्हणून ही गोष्ट गावभर सांगितली जाई. साठेक वर्षांनी जॉन डॉनव्हन आणि कॅरन झकर हे दोन पत्रकार त्याला शोधत फॉरेस्टला गेले. त्यांचा लेख २०१० साली आणि ग्रंथ २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विटांबद्दल विचारले तेव्हा म्हातारा डोनाल्ड सरळ म्हणाला की, मोजल्या नव्हत्या, आकडा मनाचाच ठोकून दिला होता. का? तर त्या मुलांनी आपल्याला चांगले म्हणावे म्हणून.

वैद्यकाच्या ग्रंथांनी ज्याला टोकाच्या एकटेपणाचा पहिला नमुना म्हणून नोंदवले, त्याने शाळेत असताना मित्र मिळावेत म्हणून एक थाप मारली होती. आपल्या वर्गातल्या कोणत्याही पोराने मारली असती तशीच.

त्यानंतरचे आयुष्य थोडक्यात असे. १९५८ साली मिलसॅप्स कॉलेजातून पदवी, मग गावच्याच बँकेत नोकरी, ती ६५ वर्षे. सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला. जवळजवळ रोज गोल्फ. गावच्या किवानिस क्लबचा एक वर्ष अध्यक्षसुद्धा झाला. आईने कॅनर यांना लिहिले होते की तो आपणहून संभाषणात फारसा भाग घेत नाही, आणि म्हातारपणीही तो तसाच होता. प्रश्नाचे उत्तर दिले की विषय संपला. एकट्याने छत्तीस देश फिरून आला, पण प्रत्येक फेरी सहा दिवसांची, आणि तिथे कोणाशी ओळखपाळख नाही. मित्र होते ते गावात. आवडत्या माणसांना रबरबँड मारायची त्याची सवय होती, हेच त्याचे नमस्कार-चमत्कार. काही जणांना तो एक आकडा देई, नावाऐवजी. कोणाला तीन आकडी, कोणाला चार आकडी. एकदा दिलेला आकडा तो विसरत नसे. आणि गावातली ती माणसेही आपापला आकडा विसरली नव्हती. पत्रकार गावात चौकशी करत हिंडू लागले तेव्हा एकाहून अधिक गावकऱ्यांनी त्यांना दम भरला की, आमच्या डॉनला तुमच्यामुळे काही त्रास झाला तर तुम्ही कुठे सापडाल ते आम्हाला ठाऊक आहे. १५ जून २०२३ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, डोनाल्ड वारला.

हे सारे वाचून फॉरेस्ट म्हणजे स्वर्ग होता असा कोणी ग्रह करून घेऊ नये. डोनाल्डच्या घरची बँक होती, आणि बँकवाल्यांच्या मुलाचे वेडेपण गाव जरा लवकर 'स्वभाव' म्हणून मान्य करते. हे आपल्याकडच्या वाडेवाल्यांनाही माहीत आहे. शिवाय तो गोरा होता. त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या मुलांच्या शाळासुद्धा कायद्याने वेगळ्या होत्या. तशाच सवयींचा एखादा काळा मुलगा त्याच गावात जन्मला असता तर त्याच्यासाठी ना तेहेतीस पानी पत्र गेले असते, ना कोणी कोणाला दम भरला असता. आणि अकरांपैकी बाकीच्यांचे काय झाले? कॅनर यांनी १९७१ साली त्यांचा माग काढला. जी मुले सरकारी इस्पितळांत गेली होती ती पार विझून गेली होती. तिथे दाखल होणे म्हणजे जवळजवळ जन्मठेप, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे. मधल्या काळात आयांच्या थंडपणामुळे मुले अशी होतात, हे खूळही निघाले होते. त्याचे बीज खुद्द कॅनर यांच्याच लिखाणात होते, आणि ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात त्याला खतपाणी घातले. बर्नार्ड रिमलंड या बापाने १९६४ सालीच ते खोडून काढले होते. त्या आयांच्या घरी शेजारीपाजारी येईनासे झाले असतील, याचा हिशेब कोणत्या ग्रंथात सापडणार?

एकटेपणाच्या सिद्धांताला खरा छेद दिला तो लंडनच्या लॉर्ना विंग यांनी. त्यांची स्वतःची मुलगी अशीच होती. जुडिथ गूल्ड यांच्याबरोबर १९७९ साली त्यांनी दाखवले की या मुलांत तीन तऱ्हा असतात. काही अलिप्त राहतात. काही दुसऱ्याने जवळ केले तर येतात, आपणहून येत नाहीत. आणि काही तर आपणहून अंगावर धावून जातात, बोलत सुटतात, पण त्यांची रीत इतरांना विचित्र वाटते. तिसऱ्या तऱ्हेची मुले मैत्रीसाठी तळमळत असतात.

आता माझ्या छळाचे कारण सांगतो. मी बेळगावात एका हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले की, तुम्ही विंगबाईंच्या दुसऱ्या तऱ्हेचे. मला धक्का वगैरे बसला नाही. सनावळ्या तोंडपाठ आणि समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, असा माणूस शाळामास्तर म्हणून खपून जातो. तरुणपणी जे दोनचार स्नेही होते ते एकेक करून कमी झाले. भांडण कोणाशीच झाले नाही. फक्त एके दिवशी लक्षात येई की अमुक माणूस दोन वर्षांत आला नाही. मैत्री संपली हे मला कोणी कळवले नाही. बहुधा इतरांना ते न कळवता कळते.

एक मात्र टिकला. तो घरी कन्नड बोलणारा, रेल्वेतून निवृत्त झालेला, आठवीपासूनचा. त्याने माझ्याशी वागण्याची एक पद्धत बसवली आहे, आणि ती बसवताना कोणाचा सल्ला घेतला असेल असे वाटत नाही. दर शनिवारी साडेपाचला किल्ल्याच्या तळ्यावर. तो येणार नसेल तर शुक्रवारी सांगतो. त्याचे बोलणे संपले की म्हणतो, "माझं झालं, आता तू बोल." लग्नकार्यात वाजंत्री वाढली की "चल, पान खाऊन येऊ" म्हणून मला मांडवाबाहेर काढतो, आम्ही दोघेही पान खात नाही. कोणी जेवायला या म्हटले तर नंतर मला सांगतो, हे बोलावणे खरे होते, किंवा तोंडदेखले होते. मीही त्याच्यासाठी काही करतो. त्याच्या पेन्शनचे, विम्याचे, बँकेचे कागद मी सांभाळतो, आणि त्याच्या चारही नातवंडांच्या जन्मवेळा मला मिनिटांसह पाठ आहेत.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली जो विचार मांडला तो आपल्यासारख्या सरहद्दीवरच्या वाचकांना फोडून सांगायची गरज नाही. ते म्हणतात, स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच सत्य आहे. इतरांनाही त्याचे मन कळत नसते. अडचण दोघांच्या मधली आहे, पण थोडके असतात त्यांच्या नावावर ती मांडली जाते. आमच्या बाजारात कन्नड भाजीवाली आणि मराठी गिऱ्हाईक पन्नास वर्षे अर्ध्या अर्ध्या भाषेत व्यवहार करत आले आहेत. तिला मराठी येत नाही म्हणून ती मुकी आहे असे आमच्या आईला कधी वाटले नाही.

या विचाराची परीक्षाही झाली. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ७२ प्रौढांना घेऊन आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट पुढे सांगत न्यायची. स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली, आणि मिश्र साखळीत ती लवकर झिजली. २०२५ साली तीनशेहून अधिक लोकांवर मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मिश्र साखळीतली ती झीज दिसली नाही. काहींना यात मिल्टन यांचा पराभव दिसतो. मला दिसत नाही. गोष्ट कोणत्याही साखळीत नीट पोचू शकते, एवढे दोन्हींत सिद्ध झाले, आणि मैत्रीला सुरुवातीला तेवढे पुरते.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिला रीतसर जागा मिळाली. त्यामुळे दाखला मिळतो, शाळेत हक्क सांगता येतो. हे लहान काम नव्हे. बेळगावात आता असे दाखले असलेली मुले मला भेटतात. त्यांचे आईबाप मला मास्तर म्हणून विचारतात, याला मित्र कसे मिळतील? मी त्यांना शेतावरच्या त्या जोडप्याची हकीकत सांगतो आणि विचारतो, तुमचा मुलगा काय मोजतो? प्रत्येकाकडे उत्तर असते. एकाचा मुलगा बसचे नंबर लिहितो, तर मी त्याला डेपोतल्या एका कंडक्टरशी गाठ घालून दिली. आता दोघे संध्याकाळी मिळून वही भरतात.

डोनाल्डच्या विटांची गोष्ट मी परवा माझ्या मित्राला सांगितली. तो बराच वेळ तळ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण खऱ्या विटा किती होत्या रे?" पुढच्या शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो नाही. आमच्या जुन्या शाळेची मागची कंपाउंडची भिंत आहे, तिचा गिलावा पडलेला आहे, तेवढ्या भागातल्या विटा मोजल्या. माझ्या मोजणीने तेराशे बारा भरल्या. तो म्हणतो तेराशे अठरा.